जेवल्याशिवाय दुपार नाही

मुलांनो, एक गंमत सांगते. समजा, दुपारचा दीड वाजलाय. जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "शुभ सकाळ, आजी!" तर त्या काय म्हणतील? "अरे, आत्ता उठलास की काय?" असंच ना?

पण मी नुकतीच ज्या गावाला जाऊन आले, तिथे उलटं घडतं. तिथे दीड वाजताही लोक एकमेकांना 'बुएनोस दीआस' म्हणतात. म्हणजे शुभ सकाळ! त्या वेळी तुम्ही 'बुएनास तार्देस', म्हणजे शुभ दुपार म्हणालात, तर समोरच्या आजी घड्याळाकडे बघणार नाहीत. त्या विचारतील, "इतक्या लवकर जेवलास?" कारण बरं का, तिथे दुपार घड्याळात बारा वाजल्यावर होत नाही. दुपार होते ती जेवल्यावर!

हे गाव म्हणजे स्पेन देशातलं सालामांका.

आता तुम्ही म्हणाल, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाई स्पेनला कशा गेल्या? सांगते. माझी धाकटी बहीण सप्टेंबर 2023 मध्ये स्पॅनिश भाषा शिकायला सालामांकाला गेली. तिथलं विद्यापीठ 1218 साली स्थापन झालेलं आहे. आठशे वर्षांहून जुनं! जगभरातून मुलं तिथे स्पॅनिश शिकायला येतात. फीसाठी मी आमच्या शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. घरात पुष्कळ चर्चा झाली. कुणी म्हणालं, इंग्रजी काय कमी पडली? पण पोरीचा हट्ट होता, आणि तिच्या हट्टामागे मी होते.

आणि नोव्हेंबरमधल्या एका रात्री साडेअकराला फोन वाजला. तिथे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. पलीकडून नुसतं हुंदक्यांचं ऐकू येत होतं. मग शब्द आले, "ताई, मी परत येते. मला इथे रोज उपाशी झोपावं लागतं."

माझ्या पोटात धस्स झालं. पैसे पुरत नव्हते का? नाही. घरमालकीणबाई जेवायला देत नव्हत्या का? तसंही नव्हतं. विद्यार्थ्यांना घरात ठेवून घेणारी कुटुंबं सालामांकात पुष्कळ आहेत. आमची धाकटी अशाच एका सत्तरीच्या आजींकडे राहत होती. तिथे बाईमाणसाला 'सेन्योरा' म्हणतात, म्हणून आपण त्यांना सेन्योरा आजी म्हणू. आजी दोन्ही वेळेला गरम जेवण करायच्या. मग पोर उपाशी का?

ऐका. धाकटीचा वर्ग दुपारी एकला सुटायचा. घरी येईपर्यंत तिच्या पोटात कावळे ओरडत असायचे. आपल्याकडे साडेबारा-एकला पान वाढलेलं असतं ना! पण आजींच्या स्वयंपाकघरात तेव्हा कुठे कांदा चिरायला सुरुवात झालेली. मग ती खोलीत जाऊन बिस्किटांचा पुडा संपवायची. अडीचला जेवण समोर आलं की भूक मेलेली. त्यातून ती मांस-मासे खात नाही. अंडं चालतं. संध्याकाळी सातला पुन्हा कडकडून भूक. मग घरून नेलेला चिवडा, नाहीतर दुधात पाव. रात्री साडेनऊला आजी दार वाजवून हाक मारायच्या, "आ सेनार!" म्हणजे जेवायला चला. आणि ही आतून म्हणायची, "नो, ग्रासिआस." नको, धन्यवाद. पुढे पुढे आजींनी दार वाजवणंच बंद केलं.

म्हणजे बघा, एकाच घरात दोन घड्याळं चालू होती. आजींना वाटे, या मुलीला माझ्या हातचं आवडत नाही. हिला वाटे, मी इथे नकोशी आहे. आणि सांगणार कोण कुणाला? हिला भाषा धड येत नव्हती.

मी फोनवर रागावले. "कर्ज कोण फेडणार?" असं बोलून गेले. नको होतं बोलायला. रात्रभर झोप लागली नाही.

पुढचं सांगण्याआधी या घड्याळाचं कोडं सोडवू या. कारण मे 2024 मध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी स्वतः तिथे गेले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी चक्रावले. माद्रिद या राजधानीच्या शहरातून आम्ही सालामांकाला पोचलो. सामान टाकून गावाच्या मधल्या चौकात गेलो. या चौकाचं नाव प्लाथा मायोर. 1729 साली त्याचं बांधकाम सुरू झालं. चारी बाजूंना कमानी, मोजल्या तर 88 भरतात, आणि दगड असा की संध्याकाळच्या उन्हात सोन्याचा वाटावा. चौकात पोरं चेंडू खेळत होती, आजोबा बाकांवर बसले होते, बाबागाड्या फिरत होत्या. विद्यार्थी मोठ्या घड्याळाखाली मित्रांची वाट बघत होते. 'घड्याळाखाली भेटू' हे तिथलं ठरलेलं वाक्य. मला वाटलं, सहा वाजले असतील. वर बघितलं तर नऊ वाजून दहा मिनिटं! आणि ऊन अजून कमानींच्या माथ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मी चौथीच्या परिसर अभ्यासातला प्रयोग केला. आजींच्या गच्चीवर पेन्सिल उभी केली आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण केली. आजी कुतूहलानं बघत होत्या. सावली सगळ्यात आखूड कधी झाली असेल? दुपारी दोन वाजून वीस मिनिटांच्या सुमारास! म्हणजे सूर्याच्या हिशेबानं तिथला मध्यान्ह सव्वादोननंतर होतो. आपल्या साताऱ्याकडे मे महिन्यात तो साडेबाराच्या सुमारास होतो.

असं का? नकाशा काढा. इंग्लंडमधल्या ग्रिनिचवरून शून्य रेखांश जातो. सालामांका त्याच्याही पश्चिमेला आहे. म्हणजे तिथलं घड्याळ लंडनसारखं असायला हवं. पण 1940 साली स्पेननं आपली घड्याळं एक तास पुढे केली, आणि ती तशीच राहिली. त्यामुळे सालामांकातलं घड्याळ पार पूर्वेकडच्या बर्लिनच्या घड्याळाबरोबर चालतं. उन्हाळ्यात युरोपातले देश आणखी एक तास पुढे करतात. शेजारच्या पोर्तुगालमध्ये मात्र एक तास कमीच असतो. तर स्पॅनिश लोक अडीचला जेवतात, तेव्हा सूर्याला विचारलं तर तो म्हणेल, "मग? बारा तर वाजलेत!" उशिरा जेवण्याचं हे काही एकटंच कारण नाही, पण मला तरी हे सगळ्यात पटलं. घरी असा प्रयोग करून बघा. आपल्या गावाचा मध्यान्ह किती वाजता होतो ते शोधून काढा. मे महिन्यात तर आपल्याकडे एके दिवशी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते. सालामांकात ती कधीच नाहीशी होत नाही, कारण सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतच नाही.

बरं, आता पोटाकडे वळू.

सकाळचा नाश्ता तिथे अगदी किरकोळ. दूध घातलेली कॉफी आणि बिस्किटं, नाहीतर भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि वर ऑलिव्हच्या तेलाची धार. आपण तुपाची धार धरतो तशी. अकराच्या सुमारास शाळेतली मुलं डबा खातात. डब्यात असतो बोकादियो, म्हणजे लांबट कडक पाव मधोमध कापून त्यात काहीतरी भरलेलं. दोन ते तीनच्या दरम्यान मुख्य जेवण. एका ताटात सगळं वाढलेलं नाही हं! आधी पहिला पदार्थ, तो संपला की ताटली बदलून दुसरा, मग फळ. भाकरी-पोळीच्या जागी पाव. सहा वाजता मुलांचा खाऊ, त्याला 'मेरिएंदा' म्हणतात. पावात चॉकलेटची वडी घालून खाणं हा जुना खाऊ, अजून आवडीचा आहे. आणि रात्री साडेनऊ-दहाला हलकं जेवण. दोन ते पाच बरीचशी छोटी दुकानं बंद असतात. त्या वेळी सगळे ढाराढूर झोपतात असं मात्र समजू नका. आमच्या सेन्योरा आजी खुर्चीत बसून बातम्या बघता बघता वीस मिनिटं डुलकी काढायच्या. आणि विचारलं तर म्हणायच्या, मी कुठे झोपले होते?

जेवण झालं की लगेच उठायचं नाही. ही तिथली मोठी रीत. टेबलावर पावाचे तुकडे, फळांच्या साली तशाच असतात आणि गप्पा चालू. अर्धा तास, एक तास. या बसण्याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. मी आपली सवयीनं ताटं उचलायला उठले, तर आजींनी हात धरून खाली बसवलं. मी पाहुणी होते म्हणून नाही. ताटं उचलणं म्हणजे 'आता पुरे झाल्या गप्पा' असं सांगणं!

आता धाकटीची गोष्ट पुरी करते.

त्या फोननंतर आठवड्याभरानं ती रात्री नऊला पाणी भरायला स्वयंपाकघरात गेली. आजी एकट्याच बटाटे सोलत बसल्या होत्या. त्यांचं मनगट दुखत होतं, पट्टी बांधलेली होती. त्यांनी काही न बोलता दुसरी सुरी पुढे केली. धाकटी बसली. आपल्याकडच्या मुलीला बटाटे सोलायला काय शिकवायचं? भराभर सोलून मोकळी झाली. आजी हसल्या. म्हणाल्या, "तुला येतं की सगळं!" मग शब्दकोश मधे ठेवून दोघींचं बोलणं सुरू झालं.

आणि तेव्हा कुठे घोटाळा कळला. धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मी कार्ने खात नाही." कार्ने म्हणजे मांस. आजींनी ते मनापासून पाळलं होतं. पण घेवड्याच्या भाजीत त्या हामोनचे बारीक तुकडे घालायच्या. हामोन म्हणजे डुकराची मीठ लावून, महिनोन्‌महिने वाळवलेली तंगडी. सालामांका जिल्ह्यातलं गिहुएलो नावाचं गाव हामोनसाठी प्रसिद्ध आहे. तिकडच्या पुष्कळ घरांत हामोन 'मांसात' मोजतच नाहीत. ते आपलं चवीपुरतं! आजींनी तीनतीनदा विचारलं, "हामोनसुद्धा नाही? अगदी एवढुसंसुद्धा नाही?" मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, मग दोन महिने खाल्लंस तरी काय?"

त्या रात्री त्या बटाट्यांची तोर्तिया झाली. स्पेनमधला घराघरातला पदार्थ कोणता, असं कुणी विचारलं तर मी पाएया सांगणार नाही. पाएया म्हणजे केशर घातलेला, पसरट कढईतला भात. तो मूळचा वालेंसिया भागातला, आणि पुस्तकांतून त्याचे फोटो फार छापून येतात. मी सांगेन, तोर्तिया. बटाट्याचे पातळ काप आणि कांदा भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवायचे. तळून कुरकुरीत करायचे नाहीत, मऊ करायचे. तेल निथळून फेटलेल्या अंड्यात मिसळायचे, मीठ घालायचं आणि थोडा वेळ तसंच ठेवायचं. मग तव्यात ओतायचं. एक बाजू धरली की तव्यावर ताटली पालथी घालायची आणि एका झटक्यात तवा उलटा करायचा. ताटलीतली तोर्तिया पुन्हा तव्यात सरकवायची, दुसऱ्या बाजूसाठी. बोटभर जाड, आतून ओलसर. कांदा घालावा की घालू नये, यावर स्पेनमध्ये भाऊ-भाऊ भांडतात म्हणे! आमच्या आजी कांदावाल्या.

मलाही वाटलं, धिरडी उलटणारे हात आहेत आपले, यात काय अवघड? तवा उचलला, ताटली धरली, आणि अर्धी तोर्तिया शेगडीवर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी काय केलं असेल? तवा टेबलावर आणून ठेवला, तीन काटे घेतले आणि उरलेली अर्धी आम्ही तव्यातूनच खाल्ली. शेगडी मात्र मीच पुसली.

एक लक्षात घ्या हं. बटाटा, टोमॅटो, मिरची यातलं काहीच मूळचं स्पेनचं नाही आणि आपलंही नाही. कोलंबस 1492 साली समुद्रापलीकडे गेला, त्यानंतर अमेरिका खंडातून या गोष्टी स्पॅनिश गलबतांतून युरोपात आल्या. आपल्या किनाऱ्यावर अशी पिकं पोर्तुगीजांनी आणली. आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजच. स्पॅनिशमध्ये 'पाताता'. आपल्या 'पाव'ला ते 'पान' म्हणतात. गंमत म्हणजे मिरची युरोपात नेली स्पॅनिश लोकांनी, पण आजींना ती सोसत नाही. त्यांच्या लाल तिखटाला मस्त धुरकट वास असतो, पण ते मला गोडच लागलं. आणि मी नेलेली लसणीची चटणी त्यांनी मोहरीएवढी जिभेवर ठेवली आणि तीन पेले पाणी प्यायल्या!

उलट दिशेनं गेलेले शब्दही सापडले. ही माझी बाजारातली कमाई. प्लाथा मायोरच्या शेजारीच गावाची मंडई आहे. तिथे वांगी दिसली. पाटीवर नाव होतं 'बेरेन्हेना'. संत्र्यांवर लिहिलं होतं 'नारांहा'. लिंबावर 'लिमोन'. धाकटी म्हणाली, "ताई, नारांहा म्हणजे आपलं नारिंगच बघ." आणि खरंच तसं आहे! संस्कृतातला 'नारंग' इराणात गेला, तिथून अरबांकडे, आणि अरब इसवी सन 711 मध्ये स्पेनमध्ये उतरले तेव्हा पुढे फळांबरोबर शब्दही गेले. साखरेला ते 'आथूकार' म्हणतात. मूळ शब्द 'शर्करा'. आपलं वांगं आणि त्यांची बेरेन्हेना, वेश पार बदललेल्या, पण एकाच आजीच्या नाती. मी मंडईत उभी राहून वहीत लिहून घेत होते आणि भाजीवाला माझ्याकडे संशयानं बघत होता.

त्याच मंडईत माझी फजिती झाली. भाजीच्या गाळ्यापुढे पाच-सहा बायका इकडेतिकडे उभ्या. रांग काही दिसेना. मी शहाणपणानं काउंटरसमोर उभी राहिले. माझ्यामागून आलेल्या बाईंना मिळालं. मग आणखी एकीला मिळालं. मला राग आला. परदेशी बघून डावलतात की काय? मग एक आजोबा आले आणि आल्या आल्या मोठ्यानं विचारते झाले, "एल उल्तिमो?" म्हणजे 'शेवटचं कोण?' एका बाईनं हात वर केला. आजोबा निवांत दूर जाऊन बाकावर बसले. झालं! रांग होती, पण ती जमिनीवर नव्हती, डोक्यात होती. आपल्या आधी कोण एवढं लक्षात ठेवायचं, की आपला नंबर पक्का. मी विचारलंच नव्हतं, म्हणून मी रांगेत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी मी असं खणखणीत "एल उल्तिमो?" विचारलं की भाजीवाला हसला आणि कोथिंबिरीसारखी दिसणारी एक जुडी फुकट दिली. ती निघाली पार्सली.

परक्या मुलांना गोंधळात टाकणाऱ्या अशा आणखी रीती आहेत. भेटल्यावर दोन्ही गालांना गाल लावतात. मी पहिल्या दिवशी दारात नमस्काराला हात जोडले आणि आजी पुढे आल्या, तर माझे जोडलेले हात आमच्या दोघींच्या मधे चेपले! लिफ्टमध्ये, दवाखान्यात, दुकानात शिरताना अनोळखी माणसांनाही 'बुएनोस दीआस' म्हणायचं, नाहीतर उद्धट ठरता. आणि कुणी जेवत असलेला दिसला, ओळखीचा असो वा नसो, त्याला 'के आप्रोवेचे' म्हणायचं. म्हणजे 'अंगी लागो'. मला ही रीत फार आवडली.

आडनावं प्रत्येकाला दोन. एक वडिलांचं, एक आईचं. लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही. धाकटीनं फॉर्मवर आपल्या पद्धतीनं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिलं. त्यांनी बाबांचं नाव पहिलं आडनाव म्हणून धरलं. वर्षभर तिथल्या एका कार्यालयात तिला आमच्या बाबांच्या नावानं हाक मारत होते!

सणांचं मी पाहिलेलं नाही, धाकटीकडून ऐकलेलं सांगते. 31 डिसेंबरला मध्यरात्री बाराचे टोले पडतात, तेव्हा प्रत्येक टोल्याला एक द्राक्ष खायचं. बारा टोले, बारा द्राक्षं. दोन टोल्यांत साधारण तीन सेकंद. तिचं सहाव्या द्राक्षाला तोंड भरलं आणि हसू फुटलं, पुढचं विचारू नका. 5 जानेवारीच्या रात्री तीन राजे उंटावरून येतात, म्हणून मुलं बूट स्वच्छ करून ठेवतात. उंटांसाठी पाणीसुद्धा. सकाळी बुटांजवळ भेटवस्तू. 6 तारखेला खायचा गोल पाव, 'रोस्कोन', त्यात एक छोटी मूर्ती आणि एक शेंगेचा दाणा लपवलेला असतो. मूर्ती मिळेल तो राजा आणि दाणा मिळेल त्यानं रोस्कोनचे पैसे द्यायचे!

पण तिला सगळ्यात लक्षात राहिलेला सण सालामांकाचा स्वतःचा आहे. ईस्टरनंतरच्या आठवड्याच्या पुढच्या सोमवारी सगळं गाव तोर्मेस नदीकाठी डबे घेऊन जातं. डब्यात 'ओर्नासो' असतो. म्हणजे दोन जाड पोळ्यांच्या मधे मांस भरून भाजलेला, वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी असलेला पदार्थ. 2024 मध्ये तो दिवस 8 एप्रिलला आला. आजींच्या डब्यात त्या वर्षी दोन ओर्नासो होते. एक नेहमीचा मोठा. दुसरा तळहाताएवढा, आत फक्त उकडलेलं अंडं आणि ढोबळी मिरची, आणि जाळीच्या जागी पिठाचं एक अक्षर. धाकटीच्या नावाचं पहिलं अक्षर. तिनं त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी वर्गात होते. मुलांना पाढे लिहायला सांगून जरा बाहेर जाऊन आले.

नदीवरच्या रोमन पुलाशी एक दगडी बैल आहे आणि जवळच एका मुलाचा पुतळा. हा लासारियो. 1554 साली छापलेल्या एका स्पॅनिश गोष्टीतला. लेखक कोण ते आजवर कळलेलं नाही. लासारियो एका आंधळ्या म्हाताऱ्याचा हात धरून फिरतो. म्हातारा त्याला पोटभर खायला देत नाही आणि पोरगं युक्त्या करून भूक भागवतं. धाकटी म्हणाली, "ताई, नोव्हेंबरमध्ये मी इथे येऊन बसायचे. म्हटलं, उपाशी आहे असा एक जण तरी ओळखीचा आहे."

चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी आहेत. विद्यापीठाच्या दगडी दर्शनी भिंतीवर, एका कवटीवर बसलेला इवलासा बेडूक कोरलेला आहे. तो ज्याला न विचारता सापडतो तो पास होतो म्हणतात. मला वीस मिनिटं लागली. आणि मोठ्या कॅथेड्रलच्या दारावर चक्क अंतराळवीर! 1992 च्या दुरुस्तीत कारागिरांनी कोरला. शेजारी आइस्क्रीमचा कोन धरलेला एक राक्षसही आहे. खायचं काही सुटत नाही बघा या गावाला.

एक राहिलंच. रविवारी सकाळी चुरोस. पिठाच्या लांब कांड्या तळतात आणि घट्ट, गरम चॉकलेटमध्ये बुडवून खातात. पीठ ज्या साच्यातून पाडतात तो बघून मी ओरडलेच. अगदी आपला चकलीचा सोऱ्या, चांदणीच्या भोकासकट! मी आजींना फोनमधला दिवाळीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून निरखून बघितलं आणि विचारलं, "गोल का करता?" याला मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर कळवा.

निघायच्या दिवशी माझी आगगाडी दोनच्या सुमाराची होती. सालामांकाच्या हिशेबानं भलतीच वाईट वेळ, ऐन जेवणाच्या तोंडावर. आजी सकाळपासून फुरंगटल्या होत्या. उपाशी पाहुणी घराबाहेर जाणार म्हणजे काय! दीड वाजता दारात त्यांनी गालाला गाल लावले आणि चांदीच्या कागदातलं एक जड पुडकं माझ्या हातात ठेवलं. खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा भेटले. मी म्हटलं, "बुएनोस दीआस." तेही म्हणाले, "बुएनोस दीआस." बरोबरच होतं. मी कुठे जेवले होते?

धाकटी फलाटावर उभी राहून हात हलवत होती. गाडी सुटली. तिचा अभ्यासक्रम संपायला अजून महिना होता. सोनेरी मनोरे मागे पडले, मग ओकची झाडं आणि त्याखाली चरणारी जनावरं. अडीच वाजता मी पुडकं उघडलं. पावात तोर्तियाचा जाड तुकडा, कांदा घातलेली. शेजारच्या खिडकीशी एक बाई विणकाम करत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "के आप्रोवेचे."

मी सावकाश खाल्लं. कागदातले पावाचे कणसुद्धा वेचून खाल्ले. मग त्यांच्याकडे वळून म्हटलं, "बुएनास तार्देस."